गुणांमागचा माणूस : आल्फ्रेड बिने

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा भाग असतो, हे आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तर निम्मे गुण मानसिक क्षमतेच्या प्रश्नांनाच असतात. वारणानगरसारख्या ठिकाणी, जिथे साखर कारखान्यापाठोपाठ शाळा, महाविद्यालय, सैनिकी अकादमी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे राहिले, तिथे अशा परीक्षांचा निकाल हा साऱ्या घराचा विषय होतो. निकाल लागला की पाहुण्यारावळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : किती पडले?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या आकड्याने देता येत नाही, हे ज्याच्या कामातून जगाला उमगले, तो आल्फ्रेड बिने हा फ्रेंच गृहस्थ. बुद्धिमत्ता चाचणीचा हा मूळपुरुष, पण स्वतः मात्र परीक्षांच्या सरळ रस्त्याने कधीच चालला नाही.

बिनेचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस शहरात झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाले आणि आईनेच मुलाला वाढवले. पॅरिसला येऊन तो वकिलीची परीक्षा पास झाला, पण वकिली केली नाही. वैद्यकाकडे वळला, तेही अर्धवट सोडले. मग राष्ट्रीय ग्रंथालयात बसून आपल्या आपण मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागला. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली त्याने संमोहनाचे प्रयोग केले. लोहचुंबकाने रोग्याची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येतात, असे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने जाहीर केले. बेल्जियमच्या देलबफने ते खोडून काढले. प्रयोगकर्त्याला काय हवे आहे हे रोग्यांना कळत होते, आणि ते तसेच वागत होते. बिनेला चूक कबूल करावी लागली. मापन करणाऱ्याच्या मनातले उत्तर मापात उतरते, हा धडा त्याला जन्माचा पुरला.

१८९१ मध्ये तो सॉर्बोनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागला आणि काही वर्षांत तिचा संचालक झाला. पण त्याची खरी प्रयोगशाळा घरीच होती. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींना तो साधी कोडी घाली आणि त्या कशा विचार करतात ते टिपून ठेवी. एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणी, पण विचार करण्याची रीत अगदी वेगळी! त्या काळी डोक्याचा घेर मोजून बुद्धी ठरवू पाहणारे पंडित होते. बिनेनेही शाळेतल्या मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांत सांगण्यासारखा फरक मिळेना, तेव्हा त्याने तो नाद सोडला.

१९०४ मध्ये फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाले होते आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न होता. कोणाला खास शिकवणीची गरज आहे, हे मास्तरांच्या मर्जीवर सोडले तर खोडकर मुलगाही मंद ठरायचा. म्हणून बिने आणि तरुण डॉक्टर थिओडोर सायमन यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची कसोटी तयार केली. चित्रातल्या वस्तू ओळखणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, वेगवेगळ्या वजनाच्या डब्या क्रमाने लावणे, असे साधे प्रश्न. १९०८ च्या आवृत्तीत त्यांनी हे प्रश्न वयानुसार लावले. एखाद्या वयाच्या बहुसंख्य मुलांना जे जमते, ते त्या वयाचे काम. दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या कामापर्यंतच पोहोचला, तर तो दोन वर्षे मागे.

मूल एकटे मोजायचे नाही, बरोबरीच्या मुलांच्या रांगेत उभे करून मोजायचे, हा विचार इथे रुजला. पण पाच वर्षांच्या मुलाचे एक वर्ष मागे असणे आणि बारा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष मागे असणे सारखे कसे? म्हणून जर्मनीच्या स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. अमेरिकेच्या टर्मनने १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक घरोघरी पोहोचला. १९३९ मध्ये वेक्सलरने भागाकारही सोडला आणि एवढेच विचारले : आपल्या वयोगटाच्या सरासरीपासून हा माणूस किती दूर आहे? प्रमाणित गुण म्हणतात ते हेच.

एक साधे उदाहरण घेऊ. दोघा चुलत भावांना दोन वेगळ्या परीक्षांत ६० गुण पडले. एका परीक्षेची सरासरी ५५, दुसरीची ४०. दोन्हीकडे मुलांच्या गुणांचा नेहमीचा विस्तार, म्हणजे प्रमाण विचलन, १० आहे. पहिला सरासरीच्या वर अर्धा टप्पा, दुसरा पुरते दोन टप्पे. आता सरासरीला १०० आणि एका टप्प्याला १५ मानले, तर पहिल्याचे प्रमाणित गुण १०७.५ आणि दुसऱ्याचे १३०. आकडा तोच, अर्थ निराळा. या मापावर साधारण दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. अभियांत्रिकीच्या सीईटीचे पर्सेंटाइल याच कुळातले. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि सगळ्या प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड नसतात. म्हणून आपल्या सत्रातल्या किती टक्के मुलांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण पडले, ते पाहतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० गुण नव्हेत.

कोणत्या मुलांशी तुलना केली, हाही प्रश्न आहेच. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघाले. असे काम नुसत्या भाषांतराने होत नाही. पॅरिसच्या मुलाला सहाव्या वर्षी जे जमते, ते आपल्या मुलाला कितव्या वर्षी जमते, हे इथल्या मुलांना विचारूनच ठरवावे लागते. वयाचेही तसेच. एकाच वर्गात जूनमध्ये जन्मलेला आणि पुढच्या मे महिन्यात जन्मलेला शेजारी बसतात. दहाव्या वर्षी हे अकरा महिने थोडे नसतात. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षांत म्हणूनच महिन्यांचा हिशेब धरून गुण प्रमाणित करीत.

बिने १८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी वारला. त्याच्या कसोटीचे पुढे काय झाले, हे त्याने पाहिले नाही. अमेरिकेत गॉडार्डने तिच्या आधारे बंदरावर उतरणाऱ्या परदेशी माणसांवर मंदबुद्धीचा शिक्का मारला. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, असे सांगणाऱ्यांच्या हाती आयते हत्यार आले.

बिनेचे मत नेमके उलट होते. १९०९ च्या पुस्तकात त्याने या समजुतीला कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांत त्याने मनाचे व्यायाम सुरू केले : पुतळ्यासारखे स्तब्ध राहणे, काही सेकंद दाखवलेल्या वस्तू आठवून सांगणे. आधी शिकायचे कसे ते शिकवा, व्याकरण मागाहून, असा त्याचा आग्रह होता. कसोटी त्याने मुलाला बाहेर काढण्यासाठी केली नव्हती, कुठून शिकवायला सुरुवात करायची ते कळावे म्हणून केली होती.

तेव्हा यंदाचा निकाल हाती आला की सरासरी किती, मुलांचे गुण किती विखुरले आहेत, बरोबरची मुले कोणत्या वयाची, हे आधी विचारावे. आणि यादीत नाव नसेल, तर कोणते प्रश्न चुकले ते मुलाला शेजारी बसवून पाहावे. बिनेने त्या पत्रिकेत पहिल्यांदा तेच पाहिले असते.