प्रायश्चित्त कोणी करावे?

‘प्रायश्चित्त’ हा शब्द आपण पवित्र शास्त्रात वारंवार वाचतो आणि सहज पुढे जातो. या शब्दाचे ओझे ज्यांनी स्वतः वाहिले, त्या पंडिता रमाबाईंच्या जीवनाकडे आज याच दृष्टीने पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. हे कुटुंब पुराणे सांगत वर्षानुवर्षे तीर्थांमागून तीर्थे पायी फिरले. स्नान, उपवास, प्रदक्षिणा, दान, अनुष्ठान यांत त्यांनी काहीही उणे ठेवले नाही. पुढे दुष्काळ पडला, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण उपासमारीने खंगून गेली. त्यांच्या श्रद्धेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाप ही क्षुल्लक बाब नव्हे, त्याचे मोल द्यावे लागते, हे त्यांना आपल्यापैकी अनेकांहून अधिक कळले होते.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी फुलहॅम येथे चालवलेले पतित स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्यांना कोणी इतक्या ममतेने जवळ करते, याचे त्यांना नवल वाटले. त्यामागे शोमरोनी स्त्रीला भेटलेला ख्रिस्त आहे, हे त्यांना उमगले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चरित्र येथेच संपवण्याचा मोह होतो. परंतु रमाबाईंनी स्वतः तसे केले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. पाळकपद मिळून बरीच वर्षे लोटल्यावर त्याला तारणाचा अनुभव आला होता. ते वाचून रमाबाईंना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण खुद्द ख्रिस्ताला अजून शरण गेलो नाही. पापाचा भार अद्याप आपल्याच खांद्यावर आहे, आणि तो उतरवण्यास विद्वत्ता, समाजकार्य वा बाप्तिस्मा पुरेसा नाही. मग त्यांनी तो भार वधस्तंभापाशी ठेवला.

वाचकहो, येथे त्या जुन्या शब्दाचा अर्थ पालटतो. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त पाप्याने स्वतः करावयाचे असते. लेवीय १६ मध्ये ते लोकांसाठी याजक करतो, आणि त्यासाठी रक्त सांडते. प्रायश्चित्ताच्या दिवशी एक बकरा वधला जाई. दुसरा लोकांची पापे वाहून रानात जाई. दरवर्षी हा विधी पुन्हा करावा लागे. इब्री लोकांस पत्र सांगते, की ख्रिस्ताने एकदाच स्वतःचे अर्पण केले. योहानाच्या पहिल्या पत्रात तर प्रायश्चित्त ही कृतीसुद्धा राहत नाही. तो स्वतःच आपले प्रायश्चित्त आहे.

ही क्षमा रमाबाईंना स्वस्त वाटली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातील शेकडो अनाथ मुली व विधवा सांभाळल्या. पतित स्त्रियांसाठी तेथे कृपासदन उभारले; फुलहॅमला पाहिलेले बीज असे रुजले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. हे सर्व त्यांनी पाप फेडण्यासाठी केले नाही. ते फेडले गेले होते, म्हणून केले.

आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाई जेथे पोहोचल्या, तेथे आपण पोहोचलो आहोत काय? आपल्या पापाचा भार आज कोणाच्या खांद्यावर आहे?