रुडॉल्फ डिझेल: पिकअपच्या मायलेजमागचा माणूस

वसईची भाजी पहाटे दादरला नेणाऱ्या पिकअपवाल्यांचा वाद ठरलेला: डिझेल परवडतं की सीएनजी? त्यातलं डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव.

रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला. म्युनिकला शिकताना त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावतं. ते काही त्याच्या डोक्यातून जाईना. त्याचा उपाय: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, मग इंधन सोडायचं. ठिणगी नकोच! १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब मोजणारं उपकरण फुटलं, तो थोडक्यात वाचला. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला मात्र इंजिनानं २६ टक्के गाठले.

वर्सोवा पुलाच्या ट्रॅफिकमध्येही डिझेल कमी पितं, ते या जास्त दाबामुळेही. सीएनजी किलोवर मिळतो, त्यामुळे लिटरशी तुलना करू नका. भरलेल्या गाडीला किलोमीटरमागे किती रुपये पडले ते बघा.

रुडॉल्फचा स्वतःचा हिशेब काही जुळला नाही. कर्ज वाढत गेलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू मुलानं ओळखल्या.