खाशाबा जाधव: ऑलिम्पिक पदक, गुडघ्याची दुखापत आणि आपल्यासाठी धडा

तुमच्या घरात कुस्ती किंवा कबड्डी खेळणारा मुलगा आहे का? एखाद्या दिवशी तो लंगडत घरी येतो, गुडघा सुजलेला असतो आणि तुम्हाला पहिली काळजी वाटते ती पुन्हा खेळता येईल की नाही याची. परभणीजवळच्या पेडगावात असो की कराडजवळच्या गोळेश्वरात, ही काळजी सारखीच असते. गोळेश्वरच्या एका पैलवानाची कारकीर्द गुडघ्यापाशीच थांबली. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे तालमीची ओळख लहानपणीच झाली. शिक्षण कराडला आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. अंगाने ते लहानखुरे होते. त्यांचे बळ चपळाईत आणि डावात होते.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या पैलवानाला तिथे मॅटवर खेळावे लागले होते. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. तिथे बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. दुसरे वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडले. परत आल्यावर कराडहून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

गुडघ्याने साथ सोडली

1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. पुढचे लक्ष्य 1956 चे मेलबर्न ऑलिम्पिक होते. पण त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच थांबले. पहिल्या ऑलिम्पिकपासून मोजले तर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जेमतेम आठ वर्षांची भरते.

पैलवानाचा गुडघा का दुखावतो, हे समजून घ्या. पाय जमिनीवर घट्ट रोवलेला असतो, समोरच्याचे वजन अंगावर येते आणि त्याच क्षणी शरीर वळते. हा पीळ सगळा गुडघ्यावर पडतो. त्यात आतले अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटू शकतात किंवा दोन हाडांमधली मेनिस्कस नावाची गादी फाटू शकते.

त्या काळात एमआरआय नव्हता. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये 1960 च्या दशकात आकाराला आली. त्याआधी फाटलेली गादी बहुधा गुडघा उघडून काढूनच टाकत. अशा दुखापतीनंतर वरच्या पातळीवर परतणे फार थोड्यांना जमे.

आज तुमच्या हातात काय आहे

दुखापत होताच खेळ थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी 15 ते 20 मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. पहिले काही दिवस गुडघा चोळू नका, शेकू नका आणि कोणाकडूनही ओढून घेऊ नका.

पुढीलपैकी काही दिसले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा:

- दुखापतीच्या वेळी गुडघ्यात कट्कन आवाज आला
- काही तासांतच मोठी सूज आली
- पायावर वजन टाकता येत नाही
- गुडघा अडकतो, पूर्ण सरळ होत नाही
- चालताना गुडघा एकदम निसटल्यासारखा वाटतो

पाऊल गार पडले, बधिर झाले किंवा गुडघ्याचा आकारच बिघडला, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

एक्स-रे साधा आला म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट आणि गादी दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय लागतो. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. मात्र लिगामेंट नव्याने बसवले असेल, तर कुस्तीसारख्या खेळात परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. सूज उतरली, दुखायचे थांबले, म्हणून तिसऱ्या महिन्यात फडात उतरलेला मुलगा तोच गुडघा पुन्हा गमावू शकतो. फिजिओथेरपीचे व्यायाम मध्येच सोडू नका.

खेळ थांबला, आयुष्य नाही

खाशाबांनी पोलीस दलात 27 वर्षे नोकरी केली, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

तुमच्या मुलाच्या गुडघ्यावर आज उपचार आहेत. त्याला उपचारांसोबत तुमचा धीर आणि पुरेसा वेळही लागेल. येत्या जत्रेची कुस्ती हुकली तर हुकू द्या. आणि कधी डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितलेच, तर त्याचे शिक्षण आणि पुढची वाट याबद्दल त्याच्याशी बसून बोला. त्या वेळी त्याला घरच्यांचीच सगळ्यात जास्त गरज असते.