कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि सामान्य माणसाची लोकशाही

आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्राच्या तासाला लोकशाहीची व्याख्या पाठ येते. परंतु सत्ता बेमुर्वत झाली, दार बंद झाले, अर्ज केराच्या टोपलीत गेला, तर ज्याच्यापाशी पैसा नाही, पद नाही, जमिनीचा तुकडाही नाही, अशा माणसाने काय करावे, याचे उत्तर व्याख्येत सापडत नाही. ते माणसांच्या चरित्रात शोधावे लागते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जीवनकार्याचे स्मरण करीत आहोत.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. पुढे ते नाशिकच्या शाहू छत्रपती बोर्डिंगचे अधीक्षक झाले. वसतिगृहात मुलांना शिस्त लावणारा हा तरुण लवकरच हजारो प्रौढांना शिस्त लावणार होता. निवासी शाळा चालविणाऱ्या आम्हांला त्यांच्या आयुष्याचा हा आरंभ विशेष जवळचा वाटतो.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब सत्याग्रह समितीचे सचिव होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, तेव्हा सत्याग्रही स्त्री-पुरुष त्या दरवाजांपुढे शांतपणे बसले. एक तुकडी उठली की दुसरी बसे. हे लोक खेड्यापाड्यांतून आलेले होते. त्यांच्या मागे गावात बहिष्कार होता, दुकानदार माल देत नव्हता, रस्ते अडविले जात होते. तरीही मधल्या खंडांसह हा लढा वर्षानुवर्षे चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना नाशिकचा मोर्चा दादासाहेबांनी सांभाळला. माणसे जमविणे, त्यांच्या जेवणाखाणाची सोय पाहणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस करणे आणि प्रत्येक घडामोड पत्राने बाबासाहेबांना कळविणे, ही कामे वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येत नाहीत. पण चळवळ याच कामांवर उभी राहते.

मंदिर त्या काळात उघडले नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवावा व शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा सल्ला दिला. दरवाजा उघडला नाही म्हणून तो लढा हरला, असे आम्हांला वाटत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या चावडीपुढे मान खाली घातली होती, ती माणसे वर्षानुवर्षे अन्यायासमोर बसायला शिकली, आणि हात न उगारता बसायला शिकली. नागरिक याच रीतीने घडतो.

१९३७ साली दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून गेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाने पोरक्या झालेल्या समाजाला सावरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडली, त्यांत ते अग्रणी होते. १९५७ साली ते लोकसभेत गेले आणि १९६२ नंतर राज्यसभेत. अंगावर साधे धोतर, बोलणे खेड्यातल्या माणसाचे आणि प्रश्न भूमिहीनांचा. शिकलेल्या सहकाऱ्यांपैकी काहींनी त्या धोतराची टिंगल केली, हेही इतिहासात नोंदले गेले आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला इशारा दिला होता की, संवैधानिक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहासारखे मार्ग सोडून दिले पाहिजेत. मग १९५९ साली पडीक सरकारी जमिनींसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारणारे दादासाहेब त्या इशाऱ्याच्या विरुद्ध गेले काय? रिपब्लिकन पक्षातील बॅ. बी. सी. कांबळे यांच्या गटाची तशी धारणा होती, आणि पक्षाच्या फुटीचे ते एक कारण ठरले. दादासाहेबांची दृष्टी निराळी होती. कायद्याने दिलेले हक्क कागदावरच राहत असतील, मजुरीचा कायदा असून मजुरी मिळत नसेल, तर कायदा अमलात आणण्यासाठी लोकांनी रस्त्यावर येणे हे संविधानाचे रक्षणच होय, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा केवळ युक्तिवाद नव्हती, हे १९६४ च्या देशव्यापी लढ्यावरून दिसते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन देण्यात आले. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, अस्पृश्यताविरोधी कायद्याचा पूर्ण लाभ, बौद्ध झालेल्यांना सवलती, अशा त्या मागण्या होत्या. त्यांतली एकही संविधानाबाहेरची नव्हती. सरकारला दोन महिन्यांहून अधिक अवधी देण्यात आला. त्यानंतर ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सत्याग्रह सुरू झाला. लोक उघडपणे आले, उघडपणे अटक करवून घेतली आणि तुरुंगात गेले. महाराष्ट्राबाहेरही, विशेषतः उत्तर प्रदेश व पंजाबात, मोठा प्रतिसाद मिळाला. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या स्त्रियाही यात मागे राहिल्या नाहीत. तुरुंगात गेलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक असल्याचे चळवळीचा इतिहास सांगतो. तुरुंग भरले, सरकारला बोलणी करावी लागली, आश्वासने मिळाली. काही ठिकाणी जमिनीचे वाटप झाले; पुष्कळ ठिकाणी आश्वासन कागदावरच राहिले.

पुढे १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यातून पक्षाची स्वतंत्र धार बोथट झाली, अशी टीका पुढच्या पिढीने केली. ती टीका आम्ही झाकून ठेवीत नाही. संविधान सभेतील त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेपासून सावध राहण्यास सांगितले होते. तो नियम आपल्या आवडत्या नेत्यालाही लागू करावा लागतो. नेत्याला प्रश्न विचारण्याची सवय ज्या समाजाने सोडली, त्याने हुकूमशाहीला घराचे अर्धे दार उघडून दिले असे समजावे.

१९६८ साली दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

हुकूमशाही नेहमी फौजफाटा घेऊनच येते असे नाही. तलाठी अर्ज घेत नाही, सभेला परवानगी मिळत नाही, शेजाऱ्यावर अन्याय होताना आपण खिडकी लावून घेतो, तेथेच तिचे बीज पडते. दादासाहेबांच्या चरित्रातून त्यावरचा उपाय आम्हांला दिसतो. मागणी लेखी करावी, ती कायद्यात बसते की नाही हे तपासावे, अवधी द्यावा, एकट्याने न जाता संघटित होऊन जावे, हात उगारू नये, शिक्षा झाली तर ती उघडपणे भोगावी, आणि एकदा हरलो म्हणून घरी बसू नये. यांतले एकही काम करण्यासाठी थोर असावे लागत नाही.

आमच्या वसतिगृहातील अनेक मुलामुलींचे आईवडील आजही दुसऱ्यांच्या शेतात राबतात. त्यांच्या लेकरांनी शिकून केवळ साहेब व्हावे, एवढीच आमची इच्छा नाही. बंद दारासमोर न घाबरता, न चिडता बसू शकणारे आणि उघड्या दारातून आत गेल्यावर बाहेरच्यांना न विसरणारे नागरिक त्यांनी व्हावे, हीच कर्मवीरांना आमची खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.