फ्रँकलिनची चाळिशी

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की पतंग आणि वीज आठवते. पण घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या नाकावर दिसणाऱ्या दुहेरी चष्म्याशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या व साबण तयार करून विकत. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावे. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. पोहण्याचा नाद मोठा. हातांना जोर यावा म्हणून त्यांनी लहानपणीच लाकडी वल्ह्यांसारख्या फळ्या बनवल्या होत्या. पुढे फिलाडेल्फियात स्वतःचा छापखाना काढून त्यांनी असा जम बसवला की १७४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते धंद्यातून मोकळे झाले.

१७७६ मध्ये इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकेने मदत मिळवण्यासाठी त्यांना फ्रान्सला पाठवले. वय सत्तर. जवळचे पाहायला एक चष्मा, लांबचे पाहायला दुसरा. प्रवासात वाचता वाचता बाहेर पाहायचे झाले की सारखी अदलाबदल! अखेर त्यांनी दोन्ही चष्म्यांची भिंगे मधोमध कापून एकाच चौकटीत बसवून घेतली. वरचा अर्धा भाग लांबच्यासाठी, खालचा जवळच्यासाठी.

याचा खरा उपयोग मेजवानीच्या टेबलावर झाला. खालच्या काचेतून ताटातले दिसे, वरच्या काचेतून समोरच्याचा चेहरा. फ्रेंच भाषा कानाला नीट उमगत नसे, पण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हावभाव दिसले की अर्थ लागे. म्हणजे चष्मा डोळ्यांचा, पण मदत कानांना! परक्या भाषेत देशाचे काम करणाऱ्या वृद्धाला ही मदत लहान नव्हती. १७७८ साली फ्रान्सशी मैत्रीचा करार झाला आणि १७८३ च्या तहावरही त्यांची सही आहे. या चष्म्याची हकीकत त्यांनी १७८५ मध्ये एका इंग्रज मित्राला पत्राने कळवली.

वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना नवल वाटावे अशी एक गोष्ट राहिली. फ्रँकलिन यांनी आपल्या एकाही शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यांच्या शेगडीसाठी गव्हर्नरने देऊ केलेला हक्कही त्यांनी नाकारला. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही लोकांना मोफत द्यावा, असे त्यांचे मत होते. हिशेबाला पक्का असलेला हा व्यापारी येथे मात्र नफा मोजत बसला नाही.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चाळिशी लागलेली अनेक माणसे आजही त्यांच्या युक्तीने जग पाहत आहेत.