रेव्हरंड टिळकांची भजने

टिळक म्हटले की महाराष्ट्राला लोकमान्य आठवतात. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती वस्त्यांत मात्र त्या आडनावाने रेव्हरंड नारायण वामन टिळकही तितकेच ओळखले जातात. पाठ्यपुस्तकांनी त्यांना फुलामुलांचे कवी एवढ्यावरच थांबवले. हा अन्यायच म्हटला पाहिजे.

बायबलातील स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. पुष्कळशा स्तोत्रांच्या मथळ्यांत वाद्यांचा आणि प्रमुख गवयाचा उल्लेख येतो, कारण ती गाण्यासाठीच होती. त्यांतील कित्येकांत प्रथम गाऱ्हाणे येते, देव विलंब का लावतो असा रोखठोक सवाल येतो, आणि त्या रडण्यातूनच वाट पाहण्याचे बळ उगवते. आपल्या संतांच्या करुणापर अभंगांचे वळण याहून फारसे वेगळे नाही. परंतु 1831 मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या उपासनेत बहुधा भाषांतरित गीते इंग्रजी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, चाल परकी. मग दुःख गळ्यातून मोकळे व्हावे कसे? कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला.

त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन घराण्यातला. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 

त्यानंतर टिळक नगरला आले. किंमत जबर होती. जातीने दूर केले, आप्तांनी तोंड फिरवले, आणि पत्नी लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षे ताटातूट झाली. धर्मांतरितांच्या निष्ठेविषयी शंका घेणाऱ्यांनी ही वर्षे जरूर आठवावीत. लक्ष्मीबाईंवर त्यांनी आपला धर्म लादला नाही. त्यांनी स्वतःच्या विचाराने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. धीर हा शब्द टिळकांच्या पद्यात येण्यापूर्वी त्यांच्या घरात असा राबला होता.

त्याच सुमारास, 1899-1900 मध्ये, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला, आणि प्लेगही ठाण मांडून होता. दुष्काळी कामांवरील मजूर आणि वाटलेले धान्य सरकारी कागदांत मोजता येते. खचलेल्या मनासाठी त्या तक्त्यांत रकाना नसतो. तो रकाना भजनाने भरला. टिळकांच्या गीतांत पाऊस पडेलच अशी हमी नाही, संकट टळो असा हट्टही क्वचितच. मागणे असते ते सोबतीचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत, आणि म्हणूनच त्यांचा ख्रिस्त कधी गुरू, कधी चक्क माउली होऊन येतो. टाळ, मृदंग, ओवी, अभंग या ओळखीच्या साजात आलेला देव खेड्यातल्या माणसाला पाहुणा वाटला नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या पगाराखाली दबलेला धर्म देशी होणार नाही, ही त्यांची धारणा होती. व्यवहाराच्या दृष्टीने हे साहस अपुरे राहिले, हेही खरे; दोन वर्षे पुरी होण्याआधीच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मागे अपुरेच राहिले. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय ओवीत रचले. 1936 मध्ये त्याही गेल्या. अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून निघाला.