पोलीस कोर्टातील कारकून आणि पोलाद

लंडनच्या पूर्वेकडील स्टेपनी भागात, गोदीकामगारांच्या वस्तीत, थेम्स पोलीस कोर्टाचे कामकाज चाले. मारामाऱ्या, भुरट्या चोऱ्या आणि दारिद्र्याची शंभर प्रकरणे यांची टिपणे करीत एक कृश तरुण कारकून तेथे वर्षानुवर्षे बसत असे. यंत्रयुगाच्या इतिहासात ज्याचे नाव बेसेमरच्या जोडीने घेतले जाते, तो सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हाच.

टॉमसचा जन्म 1850 चा. डॉक्टर होण्याची त्याची उमेद होती. पण वडिलांचे अकाली निधन झाले आणि काही काळ शाळामास्तरकी करून तो 1867 मध्ये कोर्टाच्या तुटपुंज्या पगारावर रुजू झाला. दिवस सरकारचा, संध्याकाळ मात्र स्वतःची! बर्कबेक संस्थेतील रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना तो जाऊ लागला. तेथे 1870 मध्ये चॅलोनर या अध्यापकांनी बोलता बोलता सांगितले, की बेसेमरच्या भट्टीतून स्फुरद घालवून दाखवील त्याचे भाग्य उजळेल. वर्गातल्या इतरांनी ते ऐकले आणि सोडून दिले. टॉमसने ते मनाशी धरले.

अडचण मोठी होती. बेसेमरने 1856 मध्ये वितळलेल्या बिडातून हवा फुंकून झटपट पोलाद करण्याची युक्ती काढली खरी. पण धातुकात स्फुरद असले की ते पोलादात उतरे, आणि असे पोलाद थंडीत ठिसूळ होऊन आघाताने तडकत असे. त्याचे रूळ काय कामाचे? युरोपातील फार मोठे लोहसाठे याच एका दोषामुळे पोलादाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले होते.

सारे तज्ज्ञ धातूकडे पाहत होते. टॉमसने भट्टीच्या भिंतीकडे पाहिले. हवेच्या झोताने स्फुरद जळते, त्याचे आम्ल बनते. परंतु भट्टीचे अस्तर वाळूच्या जातीचे, म्हणजे स्वतःच आम्लधर्मी. ते त्या आम्लाला धरून कसे ठेवणार? स्फुरद पुन्हा धातूतच परते. तेव्हा अस्तर चुन्याच्या जातीचे, अल्कधर्मी हवे, आणि भट्टीत वर चुनाही टाकला पाहिजे, म्हणजे स्फुरद मळीत बांधले जाईल. 1875 च्या अखेरीस त्याला हे उमगले. वेल्समधील लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ असलेला मावसभाऊ नव्हे, तर चुलत्या-मामांच्या नात्यातला त्याचा भाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने काही पौंड धातूवर प्रयोग आरंभिले. टॉमस सुटीच्या दिवशी गाडीने तिकडे जाई आणि कामाच्या दिवशी पुन्हा कोर्टात हजर होई.

1878 च्या मार्चमध्ये लोह-पोलाद तज्ज्ञांच्या सभेत त्याने उठून आपले यश सांगितले. कोणी लक्षही दिले नाही. खाणकाम व धातुविद्येच्या शाही विद्यालयाच्या परीक्षा तो पूर्वीच उत्तीर्ण झाला होता, पण दिवसाच्या तासांना हजेरी नाही म्हणून पदवी नाकारली गेली होती. (हजेरीपटाला विद्वत्तेहून अधिक मान देण्याची रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे.) अखेर मिडल्सब्रोच्या कारखान्याचे व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्स यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. कर्ब जळून संपल्यावरही आणखी काही मिनिटे झोत चालू ठेवला तरच स्फुरद जाते, हे ध्यानात आले, आणि 1879 च्या एप्रिलमध्ये मोठ्या प्रमाणावरील प्रयोग यशस्वी झाला. त्याच वर्षी त्याने कोर्टाची नोकरी सोडली.

या शोधाचा सर्वाधिक लाभ इंग्लंडला झाला नाही. लोरेनच्या स्फुरदयुक्त धातुकावर जर्मनीचा पोलाद उद्योग उभा राहिला आणि शतक सरण्यापूर्वीच त्याने इंग्लंडला मागे टाकले. टाकाऊ मळीही वाया गेली नाही. दळून ती शेतात खत म्हणून पडू लागली. 1959 मध्ये सुरू झालेल्या आपल्या रूरकेल्याच्या कारखान्यातील प्राणवायूच्या भट्ट्यांनाही अस्तर लागले ते अल्कधर्मीच.

टॉमसला हे वैभव फार काळ पाहता आले नाही. दिवसा कोर्ट व रात्री प्रयोगशाळा या ओढाताणीत प्रकृती ढासळली होती. फुप्फुसे निकामी होत गेली. हवापालटासाठी त्याने दूरचे सागरप्रवास केले, अल्जिअर्सला राहिला. गुण आला नाही. 1 फेब्रुवारी 1885 रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो वारला. आई व बहीण यांच्यापुरती बेताची तरतूद करून उरलेली सारी संपत्ती त्याने लोकोपयोगी कामांसाठी ठेवली होती.